वेदोक्ताचा निवाडा आणि करवीरची रयत

मे १९०२ मध्ये करवीर म्हणजे कोल्हापूर दरबारने एक हुकूम काढला. छत्रपतींच्या घराण्याचे पिढीजात पुरोहित आप्पासाहेब राजोपाध्ये यांनी राजवाड्यातले धर्मविधी वेदोक्त पद्धतीने, म्हणजे वेदांतल्या मंत्रांनी, करायला नकार दिला होता, म्हणून त्यांची इनामे दरबारने खालसा केली. तसे पाहिले तर हा एका संस्थानातल्या एका वतनाचा निकाल होता. पण त्यावरून पुण्याच्या वर्तमानपत्रांचे रकाने भरले, ब्रह्मवृंदांत तट पडले, अर्जावर अर्ज होत प्रकरण थेट व्हाइसरॉयपर्यंत गेले. पुढच्या वीस वर्षांत दक्षिण महाराष्ट्रात जे सामाजिक राजकारण उभे राहिले, त्याची पाळेमुळे या निकालात आणि त्यावर उठलेल्या गदारोळात आहेत.

ज्या करवीर संस्थानात हे घडले, त्याचा शिरोळ हा त्या काळी एक पेटा, म्हणजे तालुका. त्याच्या अवतीभवती मुलूख तुकड्यातुकड्यांचा होता. एकीकडे छत्रपतींची गावे, शेजारी कुरुंदवाडकर पटवर्धनांचे संस्थान, पलीकडे इचलकरंजीची जहागीर. एका गावचा राजा मराठा, तर पुढच्या गावचा ब्राह्मण. अशा मुलखात वेदोक्ताआडचा ‘राजा शूद्र की क्षत्रिय’ हा वाद पोथीपुरता राहणे शक्यच नव्हते. राजाच जर शूद्र, तर त्याच्या राज्यात नांगर धरणारा कोण, हा प्रश्न आपोआप पुढे येत होता.

ठिणगी पडली ती पंचगंगेच्या घाटावर, १८९९ च्या अखेरीस, कार्तिक महिन्यात. शाहू महाराज तेव्हा पंचविशीत होते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती राज्याचा कारभार आला होता. कार्तिकस्नानासाठी ते पहाटे नदीवर जात आणि नारायण भटजी मंत्र म्हणत. एके दिवशी मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत महाराजांच्या सोबत होते. शास्त्रीबुवांच्या कानाने एक गोष्ट टिपली. भटजी म्हणत होते ते मंत्र वेदांतले नव्हते, पुराणांतले होते. त्यांनी ते महाराजांच्या नजरेला आणून दिले. विचारणा झाली तेव्हा भटजींनी सांगितले की शूद्रांना पुराणोक्तच सांगायचे असते.

या प्रसंगातला एक बारकावा ध्यानात घ्यावा असा आहे. मंत्र वेदोक्त असोत की पुराणोक्त, भाषा संस्कृतच. संकल्प तोच, पळी-पंचपात्र तेच, पाणी तेच. संस्कृत न जाणणाऱ्याला फरक कळायचा कसा? हात जोडून उभा असलेला यजमान आपल्यावर कोणता शिक्का बसतो आहे हे न समजताच दक्षिणा देत होता. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालले होते. राजाला ते कळले, कारण त्याच्या शेजारी जाणता माणूस उभा होता. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या शेजारी असा कोणी नव्हता. आणि ज्यांना भटजीच्या दारातही उभे राहता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत तर पुराणोक्तही पोहोचत नव्हते.

वाद नवा नव्हता. खुद्द शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, हाच प्रश्न उभा राहिला होता. काशीच्या गागाभट्टांनी आधी महाराजांची मुंज लावली आणि मगच ६ जूनला अभिषेक झाला. पुढे पेशवाईत प्रभूंच्या वेदोक्तावरून ग्रामण्ये, म्हणजे जातिधर्माचे तंटे, झाली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत पुन्हा शास्त्रार्थ झडले. त्या वेळी विरोधी पक्षाला बळ देणाऱ्यांत सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी कोल्हापूरच्या आधीच राजवाड्यात वेदोक्त सुरू केले होते. म्हणजे दर दोन-तीन पिढ्यांनी मराठा राजाला आपले क्षत्रियत्व नव्याने सिद्ध करावे लागत होते. विरोधकांचा आधार ठरलेला असे. कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, मधले दोन लोपले. या एका वाक्याने तलवार गाजवणारा सरदार आणि औत हाकणारा शेतकरी दोघेही एका झटक्यात शूद्र ठरत.

शाहू महाराजांनी लगेच हुकूम सोडला नाही. त्यांनी शास्त्र्यांची मते घेतली, जुने दाखले काढले, राजोपाध्यांना समजावून पाहिले. त्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. १९०१ च्या श्रावणीला नारायणशास्त्री सेवेकरी या ब्राह्मणानेच महाराजांचा विधी वेदोक्त पद्धतीने केला. त्याबरोबर कोल्हापूरच्या सनातनी ब्रह्मवृंदाने सेवेकऱ्यांना वाळीत टाकले. या प्रकरणाकडे ब्राह्मण विरुद्ध मराठे अशा सरधोपट नजरेने पाहणाऱ्यांनी हे विसरू नये. चूक दाखवून देणारे राजारामशास्त्री ब्राह्मण होते. पहिला वेदोक्त विधी करून बहिष्कार सोसणारे सेवेकरीही ब्राह्मणच होते. जातीच्या भिंतीला आतून धक्का देणारी माणसे तेव्हाही होती आणि त्यांनी त्याची किंमत मोजली.

ऑक्टोबर १९०१ मध्ये राजोपाध्यांना रीतसर आज्ञा झाली. त्याच महिन्याच्या २२ आणि २९ तारखेला ‘केसरी’त टिळकांचे ‘वेदोक्ताचे खूळ’ हे अग्रलेख आले. वादाला कोल्हापूरच्या वेशीबाहेर नेले ते या अग्रलेखांनी. टिळकांचा रोख थोडक्यात असा होता: वेद आता छापले गेले आहेत, ते कोणी वाचू नये असे नाही, पण वेदोक्त मंत्र म्हटल्याने मराठ्यांची योग्यता वाढत नाही आणि पुरोहिताला त्याच्या समजुतीविरुद्ध विधी करायला लावणे योग्य नव्हे. टिळक हे देशाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेले पुढारी. त्यांच्या शब्दाचे वजन मोठे होते. म्हणूनच मराठ्यांच्या आणि इतर ब्राह्मणेतरांच्या मनात ‘खूळ’ हा शब्द खोलवर रुतला. आपल्या मानाचा प्रश्न देशभक्तालाही खूळ वाटावा, याचे दुःख दीर्घकाळ टिकले. कोल्हापुरात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे ‘समर्थ’ हे पत्रही सनातनी बाजूने उभे होते. त्यातच पुण्याच्या ताई महाराज या सरदार-विधवेच्या दत्तक प्रकरणात टिळक एका बाजूला आणि कोल्हापूर दरबार दुसऱ्या बाजूला असे चित्र त्याच सुमारास तयार झाले होते. वेदोक्ताच्या वादात त्याही कडवटपणाची भर पडली.

दरबारने या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी मंडळ नेमले. एप्रिल १९०२ मध्ये त्याचा अहवाल आला. छत्रपतींच्या घराण्याला वेदोक्ताचा अधिकार आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. राजोपाध्यांनी तरीही आज्ञा मानली नाही आणि मे महिन्यात जप्तीचा हुकूम निघाला.

या हुकुमातला कायद्याचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण प्रचाराच्या धुरळ्यात तो हरवतो. दरबारने कोणाच्या श्रद्धेला शिक्षा केली नव्हती. राजोपाध्यांना आपल्या घरी काय मानायचे याची मोकळीक होती. प्रश्न होता इनामाचा. इनाम सेवेसाठी दिलेले असते. सेवा करायची नसेल तर इनाम कशाच्या बळावर ठेवायचे, असा दरबारचा सवाल होता. राजोपाध्यांचे म्हणणे असे की, आम्ही सेवा नाकारत नाही, वाडवडिलांच्या रीतीने करायला तयार आहोत. शास्त्राविरुद्ध करणार नाही, आणि पूर्वजांना मिळालेले इनाम आजच्या राजाला काढून घेता येणार नाही. दोन्ही बाजूंनी मांडणी नेटकी होती. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होता. जो माणूस तुमच्या जमिनीच्या उत्पन्नावर जगतो, त्याला तुमचा दर्जा ठरवण्याचा अधिकार असावा का?

हा प्रश्न राजवाड्यापुरता राहिला नाही, कारण वतनाची तीच साखळी गावापर्यंत आली होती. गावचा जोशी वतनदार. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. लग्न, मूठमाती, वास्तुशांत या सगळ्यांत त्याचा हक्क. गावकऱ्याला दुसरा पुरोहित हवा म्हणायची सोय नव्हती. राजपुरोहिताचे वतन सेवेच्या शर्तीवर टांगले जाते, हे एकदा दिसल्यावर गावच्या जोशीपणाकडेही लोक वेगळ्या नजरेने पाहू लागणार, हे सनातन्यांनी ओळखले होते. विरोधाला एवढी धार आली ती त्यामुळे. एका इनामाची जप्ती हा त्यांच्या मते सगळ्याच वतनदारीवरचा घाला होता.

‘पुराणोक्तानेही तेच पुण्य मिळते, मग हट्ट कशाला’ हा युक्तिवाद तेव्हा वरचेवर केला जाई. त्याची जोडी थेट अमेरिकेत सापडते. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने होमर प्लेसी याच्या खटल्यात निकाल दिला की काळ्या आणि गोऱ्या उतारूंसाठी आगगाडीचे डबे वेगळे असले तरी ते समान असतील, तर अन्याय होत नाही. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. डबा वेगळा पण सोय तीच. मंत्र वेगळा पण पुण्य तेच. जन्मावरून वेगळे बसवायचे आणि वर ‘तुम्हाला कमी काय पडले’ असे विचारायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच होती. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ अर्पण केले, ते हे नाते ओळखूनच. प्लेसीचा निकाल उलटायला १९५४ साल उजाडावे लागले. कोल्हापुरात निकाल अन्यायाच्या विरुद्ध बाजूने लागला होता, आणि गदारोळ उठला तो त्यामुळे.

राजोपाध्यांनी दाद मागितली. पोलिटिकल एजंट, मुंबई सरकार आणि शेवटी व्हाइसरॉय, अशा पायऱ्या ते चढत गेले. कुठेही यश आले नाही. १९०५ पर्यंत त्यांचे सगळे मार्ग बंद झाले. मधल्या काळात संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांशीही दरबारचे बिनसले. १९०३ मध्ये मठाची मिळकत जप्त झाली. अखेर १९०५ मध्ये पीठावरच्या ब्रह्मनाळकर स्वामींनी छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. निवाडा कायम झाला. राजा जिंकला होता.

हे प्रकरण इथेच संपले असते तर आज त्याची आठवण फक्त घराण्याच्या बखरीत उरली असती. माझ्या मते ते मोठे ठरले, कारण निकालावरच्या प्रतिक्रियेतून शाहू महाराज निकालापेक्षा मोठा धडा शिकले. छत्रपतीच्या गादीवर बसलेल्या माणसाला जर जन्मावरून असे हिणवले जात असेल, त्याच्याच संस्थानातले शिकलेले लोक त्याच्या विरोधात एकवटत असतील, तर साध्या रयतेची गत काय? आणि शिकलेले लोक सगळे एकाच वर्गातले का? १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. कारकुनांच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर होते अवघे १०. मंत्राचा वाद आणि कचेरीतला हा हिशेब वेगवेगळा नव्हता. ज्याच्या हाती विद्या, त्याच्या हाती पोथी, दप्तर आणि वर्तमानपत्रही.

उत्तर लगेच आले. जप्तीच्या हुकुमानंतर महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले आणि ते तिथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात जाहीरनामा निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व मागासलेले धरायचे. या जाहीरनाम्यावरही टीकेचे मोहोळ उठले. लायकी बुडाली, कारभार ढासळणार, असे बोलले गेले. १९१२ पर्यंत प्रशासनातल्या ९५ जागांत ब्राह्मण ३५ उरले, आणि संस्थानाचा कारभार काही कोलमडला नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. शिरोळ पेट्यासारख्या ठिकाणच्या शेतकऱ्याच्या पोराला कोल्हापुरात राहून शिकता येईल, ही सोय पहिल्यांदा झाली. वेदोक्ताचा खरा विस्तार तो हा.

आता या निवाड्याची उणी बाजू सांगितली पाहिजे. ‘आम्ही क्षत्रिय, म्हणून आम्हाला वेदोक्त’ या मागणीत वर्णाची उतरंड तशीच राहते. फक्त आपली पायरी वर सरकते. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांचे म्हणणे याहून मूलगामी होते. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थच नको. त्या मानाने १९०२ चा निकाल मराठा राजाला न्याय देतो, पण महाराला, मांगाला, चांभाराला त्याच जागी उभे ठेवतो. अनेक मराठ्यांना तेवढेच हवे होते. ब्राह्मणाने आपल्याला खाली बसवले याचा संताप त्यांना होता, आपण महाराला दूर बसवतो याचे काही वाटत नव्हते.

याचा दाखला महाराजांच्या पागेतच मिळाला. गंगाराम कांबळे या महार सेवकाने मराठा नोकरांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला गुरासारखे मारले. पाठीवरचे वळ त्याने महाराजांना दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना कडक शासन केले. पुढे गंगारामला त्यांनी चहाचे दुकान काढून दिले. ‘सत्यसुधारक’ असे त्याचे नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा छत्रपतींची गाडी दुकानासमोर थांबू लागली. महाराज तिथला चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यावा लागे. ज्यांनी वेदोक्ताच्या निकालावर आनंद मानला होता, त्यांच्याच हातात राजाने तो कप दिला. भर रस्त्यात दिलेला हा दुसरा निवाडा होता, आणि तो मराठ्यांविरुद्ध होता.

महाराजांचा विचार पुढे पुढे सरकत गेला, हे त्यांच्या हुकुमांवरूनच दिसते. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज पुन्हा उभा राहिला, भास्करराव जाधव त्यात पुढे होते. मग ब्राह्मणेतर पुरोहित तयार होऊ लागले आणि गावोगाव भटजीविना लग्ने लागली. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१८ मध्ये महार वतने रद्द होऊन जमिनी कसणाऱ्यांच्या नावे झाल्या आणि वेठबिगारीचा पाया उखडला गेला. त्याच वर्षी, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी बंद झाली. गावच्या पाटलापुढे दररोज हजर राहून आपण चोरी केली नाही हे सांगावे लागणे, यापेक्षा जन्माचा निर्दय निवाडा दुसरा कोणता? १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. १९२० मध्ये अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा मिळाल्या. ज्यांच्यावर निवाडे लादले जात, त्यांना निवाड्याच्या ठिकाणी उभे राहून बोलता येऊ लागले. आणि त्याच वर्षी बेनाडीचे सदाशिवराव पाटील यांना क्षात्रजगद्गुरू नेमून राजाने जुन्या पुरोहितशाहीची गरजच संपवली.

या सगळ्याची जाण असलेला एक माणूस शिरोळच्याच मुलखातला. आण्णासाहेब लठ्ठे कुरुंदवाडचे, जैन समाजातले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवलेले, पुढे संस्थानाचे दिवाण झालेले. शाहू महाराजांचे पहिले मोठे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ मध्ये लिहिले. वेदोक्त प्रकरणाची साद्यंत हकीकत बाहेरच्या जगाला कळली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पटवर्धनांच्या गावात वाढलेल्या या ब्राह्मणेतर विद्वानाने तो इतिहास लिहावा, यातच काळ किती पालटला होता ते दिसते. तोवर वर्तमानपत्रे, पोथ्या आणि निवाड्यांची टिपणे बहुतांशी एकाच बाजूच्या लेखणीतून उतरत होती.

शिरोळच्या शेजारीच, हातकणंगले तालुक्यात, माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. तेव्हा ते जेमतेम एकोणतिशीचे होते आणि ‘मूकनायक’ निघून दोन महिनेही झाले नव्हते. शाहू महाराज स्वतः सभेला आले आणि जमलेल्यांना त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. १९०१ मध्ये ज्या राजाला आपले क्षत्रियत्व शास्त्र्यांकडून सिद्ध करून घ्यावेसे वाटत होते, तो १९२० मध्ये ज्यांना कोणताच वर्ण नाही अशांच्या मांडवात बसला होता, आणि पुढारी तुमच्यातलाच असू द्या असे सांगत होता. वीस वर्षांतला हा प्रवास मला वेदोक्ताच्या विजयापेक्षा मोलाचा वाटतो.

आजही जातीच्या आणि आरक्षणाच्या निकालांवर रस्ते भरतात, मोर्चे निघतात, पेढे वाटले जातात. शाहू महाराजांचे नाव प्रत्येक बाजूच्या फलकावर असते. त्या प्रत्येकाने वेदोक्त प्रकरण मुळापासून वाचावे असे मला कळकळीने वाटते. त्यातला राजा आपल्याला न्याय मिळाल्यावर थांबला नाही. मिळालेल्या निकालाचा जाब त्याने आधी स्वतःला आणि मग आपल्याच जातभाईंना विचारला. १९०२ चा निकाल लागला तेव्हा त्याचा लाभ एका घराण्याला झाला. अठरा वर्षांनी त्याच राजाच्या हुकुमांमुळे पेट्यापेट्यातली महार-मांगांची पोरे सर्वांच्या शाळेत बसत होती. आपल्या बाजूने लागलेल्या निकालाचे आपण पुढे काय करतो, आपल्याहून खाली बसवलेल्यांसाठी काय मागतो, यावरून शाहू महाराजांचे नाव घ्यायचा आपला हक्क ठरतो.